पॉवरशेलचं व्हर्जन नक्की कुठलं? फोल्डर म्हणतो १.०, भाचा म्हणतो ७

हजेरीपट | सोमवार, रात्री ९:५०

मंडळी, मदत हवीये. मी पेठेतल्या एका शिक्षण संस्थेच्या ऑफिसात आहे, नावाला क्लार्क पण कॉम्प्युटरचं काहीही अडलं की सगळे माझ्याच टेबलाकडे बोट दाखवतात. अकरावीचे प्रवेश संपत आलेत, आता एका मोठ्या सीएसव्हीतून (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाईल) प्रत्येक तुकडीचा वेगळा फोल्डर आणि त्यात त्या तुकडीची यादी करायचीय, मराठी नावांसकट. दरवर्षी एक्सेलमध्ये कापाकापी करत बसते, यंदा भाच्याने (हिंजवडीला असतो कामाला) पॉवरशेलची (विंडोजमध्ये आज्ञा टाइप करून कामं करून घ्यायचं साधन) स्क्रिप्ट लिहून दिली. त्याच्या लॅपटॉपवर सुरळीत चालते, ऑफिसच्या पीसीवर लाल अक्षरात एरर. त्याचा अर्थ असा की && हे चिन्ह 'या व्हर्जनमध्ये' चालत नाही.

बरं मग हे व्हर्जन कुठलं ते बघायला गेले तर प्रत्येक ठिकाणी वेगळं. सी ड्राइव्हच्या विंडोजमध्ये सिस्टीम३२ मध्ये विंडोजपॉवरशेल नावाचा फोल्डर आहे, त्याच्या आत फोल्डर व्ही१.०. म्हणजे आमच्याकडे १.० आहे? मशीन विंडोज ११ चं आहे हो, दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत घेऊन. पॉवरशेल उघडलं की वर ओळ येते की लेटेस्ट पॉवरशेल इन्स्टॉल करा, त्यात आकडाच नाही. भाच्याला फोन केला तर म्हणतो "मावशी सात टाक", आणि मीटिंगमध्ये गेला तो गेलाच.

सिंहगडरोड_जाम | सोमवार, रात्री ९:५८

भाचा हिंजवडीहून घरी पोचेपर्यंत आठ येईल.

टर्मिनलकाका | सोमवार, रात्री १०:१५

तो व्ही१.० फोल्डर आधी डोक्यातून काढा. त्यावरून काहीही कळत नाही. २००६ साली पहिलं पॉवरशेल आलं तेव्हा ते नाव ठेवलं आणि नंतर २, ३, ४, ५ सगळी त्याच फोल्डरात येऊन बसली कारण लोकांनी तो पत्ता ठिकठिकाणी लिहून ठेवला होता, बदलला असता तर जगभरातल्या स्क्रिप्टी पडल्या असत्या. स्क्रिप्टच्या फाईलचं एक्स्टेन्शन पीएस१ आहे त्यातला १ पण तसाच, ७ मध्ये सुद्धा पीएस१ च आहे.

आता काम. निळी खिडकी उघडा आणि हे टाका:

$पीएसव्हर्जनटेबल

(इथे उच्चार लिहितोय, तुम्ही इंग्रजी अक्षरांत टाका, सगळं जोडून, डॉलर चिन्ह विसरू नका. लहान-मोठी लिपी काहीही चालते.) एंटर मारल्यावर एक तक्ता येईल. त्यात फक्त दोन ओळी बघा, पीएसव्हर्जन आणि पीएसएडिशन. काय दिसतं ते इथे सांगा.

हजेरीपट | मंगळवार, सकाळी ११:०५

काका आत्ता ऑफिसात आल्या आल्या बघितलं. पीएसव्हर्जन ५.१.२२६२१ आणि पुढे टिंब देऊन अजून आकडे. पीएसएडिशन डेस्कटॉप. आता हा डेस्कटॉप पीसी आहे म्हणून डेस्कटॉप लिहिलंय का? आणि त्या तक्त्यात पीएसकम्पॅटिबलव्हर्जन्स म्हणून एक ओळ आहे तिथे १.०, २.०, ३.० अशी रांग लागलीये, म्हणजे ती सगळी आहेत का मशीनमध्ये??

टर्मिनलकाका | मंगळवार, सकाळी ११:३०

नाही, लॅपटॉपवर टाकलंत तरी डेस्कटॉपच येईल. विंडोजसोबत येणारं जे पॉवरशेल आहे, ज्याचं पूर्ण नाव विंडोज पॉवरशेल, त्याच्या एडिशनचं नाव डेस्कटॉप. दुसरी एडिशन कोअर, ६ आणि त्यापुढची सगळी तीच. कम्पॅटिबलवाल्या रांगेचा अर्थ एवढाच की त्या त्या व्हर्जनसाठी लिहिलेलं बहुतेक चालेल. २२६२१ हा तुमच्या विंडोजचा बिल्ड नंबर आहे, त्यावरून कळतं की हे पॉवरशेल विंडोजचाच भाग आहे, विंडोज अपडेट होईल तसा तो मागचा आकडा हलेल पण पुढचं ५.१ हलणार नाही. कधीच नाही. ५.१ हे २०१६ साली विंडोज १० च्या ॲनिव्हर्सरी अपडेटबरोबर आलं आणि तिथेच थांबलं, सुरक्षेचे पॅच मिळतात, नवीन काही मिळत नाही.

म्हणून तुमच्या पीसीवर कितीही वर्षं विंडोज अपडेट केलं तरी && चालणार नाही. ते ७.० पासून आलं, मार्च २०२०.

निळी_खिडकी | मंगळवार, दुपारी १:१०

एवढं पुराण कशाला? गेट-होस्ट टाका, व्हर्जन दिसतं, विषय संपला. किंवा $होस्ट.व्हर्जन. मी इतकी वर्षं तेच वापरतो, कधी चुकीचं आलं नाही.

खराडी_नाईटशिफ्ट | मंगळवार, दुपारी १:४०

@निळी_खिडकी आलं नाही कारण तुम्ही नेहमी त्याच खिडकीत बसून विचारता. होस्ट म्हणजे खिडकी, इंजिन (आज्ञा प्रत्यक्ष चालवणारा भाग) नाही. साध्या कन्सोलमध्ये खिडकीचा आणि इंजिनचा नंबर सारखा असतो म्हणून काम भागतं. दुसऱ्या मशीनला रिमोट सेशन लावा आणि मग $होस्ट.व्हर्जन विचारा, १.०.०.० येईल. आम्ही सपोर्टला आहोत, रात्रपाळीत एकजण याच नंबरवरून कस्टमरला लिहून बसला होता की तुमच्या सर्व्हरवर पॉवरशेल १ आहे, अपग्रेड करा, आणि कस्टमरकडे सगळं ५.१. पहाटे तीनला ते मेल वाचून मॅनेजरचा जो फोन आला..

$पीएसव्हर्जनटेबल मात्र इंजिनचंच सांगतो, कुठूनही विचारा. एकच अपवाद, खऱ्याखुऱ्या १.० मध्ये तो नाहीच, २.० पासून आला. त्यामुळे काहीच उत्तर आलं नाही, नुसती रिकामी ओळ आली तर ते १.० समजायचं. पण आता असं मशीन दिसलं तर आधी फोटो काढा.

निळी_खिडकी | मंगळवार, दुपारी २:०२

रिमोटचं माहीत होतं पण ताईंना रिमोट कुठे करायचंय. असो.

अप्पाबळवंत | मंगळवार, दुपारी ३:२०

मी डीटीपी आणि पुस्तकांच्या याद्यांच्या धंद्यात आहे, पॉवरशेल कामापुरतं. रजिस्ट्रीतून (विंडोजची सेटिंगांची नोंदवही) बघायचं पण कुठेतरी वाचलं होतं, त्यात '१' नावाच्या की (कप्प्या) खाली एक आणि '३' खाली दुसरंच व्हर्जन दिसतं, ते काय प्रकरण आहे?

टर्मिनलकाका | मंगळवार, दुपारी ४:१०

१ आणि २ ची नोंद '१' खाली, ३ ते ५.१ ची '३' खाली. '१' खाली बघितलं तर आजही बऱ्याच मशीनवर २.० दिसतं आणि माणूस घाबरतो. ७ या दोन्हीत नाहीच, त्याची नोंद पॉवरशेलकोअर नावाच्या वेगळ्या की खाली इन्स्टॉल्डव्हर्जन्समध्ये. स्वतःच्या समोरच्या मशीनसाठी रजिस्ट्रीत शिरायचं काही कारण नाही. ज्याला पॉवरशेल न चालवता शंभर मशीनची माहिती गोळा करायचीय त्याने करावं ते.

अजून एक फसवा आकडा सांगून ठेवतो. गेट-कमांड पॉवरशेल असं टाकलं की व्हर्जनच्या रकान्यात १०.० ने सुरू होणारं काहीतरी दिसतं. लगेच पेढे वाटू नका, तो पॉवरशेल.ईएक्सई या फाईलचा नंबर आहे आणि विंडोज ११ सुद्धा आतून स्वतःला १०.० च म्हणवतं.

हजेरीपट | मंगळवार, संध्याकाळी ६:३५

बापरे एका मशीनमध्ये १, २, ५.१ आणि १०, आणि यातलं खरं फक्त ५.१. तर काका ७ टाकलं मी, प्राचार्यांची परवानगी घेऊन, ॲडमिनचा पासवर्ड त्यांच्याच डायरीत असतो. इन्स्टॉल सक्सेसफुल म्हणाला. आता पॉवरशेल उघडून तुमचा तक्ता टाकला तरी ५.१ च! रीस्टार्ट पण केला. मग नेटवर बघून पॉवरशेल डॅश व्हर्जन असं टाकलं तर त्याला म्हणे पुढे काहीतरी अजून हवंय. काय हवंय?

खराडी_नाईटशिफ्ट | मंगळवार, संध्याकाळी ७:००

ताई ७ हे ५.१ ला काढून त्याच्या जागी बसत नाही, शेजारी बसतं. दोघांच्या ईएक्सईची नावं वेगळी. जुन्याचं पॉवरशेल, नव्याचं पीडब्ल्यूएसएच. तुम्ही जोपर्यंत 'पॉवरशेल' टाइप कराल तोपर्यंत जुनाच दार उघडणार. स्टार्ट मेनूत पण दोन दिसतील, 'विंडोज पॉवरशेल' जुनं आणि 'पॉवरशेल ७' नवं. रंगावर जाऊ नका, निळं म्हणजे जुनं आणि काळं म्हणजे नवं असं पूर्वी चालायचं, टर्मिनल ॲपमध्ये थीम बदलली की कुठलंही कसंही दिसतं.

आणि डॅश व्हर्जनचं: जुन्याला डॅश व्हर्जन दिलं तर तो सांगत नाही, तो विचारतो की कुठलं व्हर्जन चालू करू, म्हणून पुढे आकडा मागतो. नव्यात पीडब्ल्यूएसएच --व्हर्जन टाकलं की एका ओळीत नंबर छापून गप्प बसतो. जुन्याला दोन डॅशवालं द्याल तर अजून वेगळीच एरर.

सिंहगडरोड_जाम | मंगळवार, संध्याकाळी ७:१२

म्हणजे नाव तेच, पत्ता जुनाच, आणि राहतो दुसराच. आमच्या सोसायटीतल्या भाडेकरूंसारखं झालं हे.

हजेरीपट | मंगळवार, संध्याकाळी ७:२०

झालं!! पीडब्ल्यूएसएच टाकलं, तक्त्यात ७ आलं आणि एडिशन कोअर. उद्या सकाळी स्क्रिप्ट चालवते. 🙏

निळी_खिडकी | मंगळवार, रात्री ९:३०

एवढ्यासाठी नवीन सॉफ्टवेअर टाकायची गरज नव्हती हे माझं मत मी नोंदवून ठेवतो. && काढा, त्या जागी अर्धविराम टाका, ५.१ वर चालतं. सरकारी, निमसरकारी, संस्थांच्या मशीनवर कमीत कमी टाकावं.

टर्मिनलकाका | मंगळवार, रात्री १०:०५

कमीत कमी टाकावं हे पटतं. अर्धविराम नाही पटत. && म्हणजे डावीकडचं यशस्वी झालं तरच उजवीकडचं कर, अर्धविराम म्हणजे डावीकडे काहीही होवो, पुढचं करच. ताईंच्या स्क्रिप्टमध्ये डावीकडे 'फाईल तुकडीच्या फोल्डरात कॉपी कर' आणि उजवीकडे 'मूळ जागेवरची पुस' असं असेल तर कॉपी फसली तरी मूळ पुसली जाणार. ५.१ मध्येच ठेवायचं असेल तर पहिली आज्ञा एका ओळीत आणि पुढच्या ओळीत इफ ($?) आणि महिरपी कंसात दुसरी. $? म्हणजे आत्ताचं काम झालं का नाही. दिसायला गबाळं आहे पण दोन्हीकडे चालतं.

निळी_खिडकी | मंगळवार, रात्री १०:२०

हे मान्य.

हजेरीपट | बुधवार, दुपारी १२:४०

आता नवीनच. स्क्रिप्ट ७ मध्ये चालली, फोल्डर झाले, फाईली झाल्या. पण सीएसव्हीवर डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली तर मराठी नावांच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं आणि चलनाची चिन्हं. म्हणून म्हटलं जुन्यात बघू, && काकांनी सांगितलं तसं इफ करून ५.१ मध्ये चालवली, तर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. आणि पहिल्याच ओळीत हॅश टाइप असं काहीतरी इंग्रजी आलंय. शिवाय फोल्डरचं नाव 'तुकडी अ' हवं तिथे पण टोप्या! भाच्याकडे सगळं नीट आहे म्हणतो, पण तो एक्सेलमध्ये उघडतच नाही, कुठल्यातरी काळ्या एडिटरमध्ये बघतो.

मूळ यादीत नावं नीट आहेत, मी तपासलं.

अप्पाबळवंत | बुधवार, दुपारी १:३०

आता माझ्या गल्लीत आलात! हे एन्कोडिंग (अक्षरं फाईलीत साठवायची पद्धत) आहे आणि हा सगळा खेळ व्हर्जनचाच आहे, म्हणून सविस्तर लिहितो, आम्ही यात पुष्कळ कागद वाया घालवलाय.

प्रश्नचिन्हं आधी. ५.१ मध्ये एक्स्पोर्ट-सीएसव्ही ला काही न सांगता सोडलं तर ते ॲस्की (फक्त इंग्रजी अक्षरांची जुनी पद्धत) मध्ये लिहितं. ॲस्कीत देवनागरी नाही, मग प्रत्येक न जमलेल्या चिन्हाला एक प्रश्नचिन्ह. मोजून बघा, ज्ञानेश्वर ला दहा प्रश्नचिन्हं येतील, कारण ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र असे सुटे मोजले जातात. ही फाईल गेली समजा. प्रश्नचिन्हांतून नावं परत येत नाहीत, पुन्हा मूळ यादीवरूनच चालवायचं. ती पहिली हॅश टाइपवाली ओळ पण ५.१ ची सवय, ६ पासून बंद झाली. जुन्यात ती नको असेल तर नोटाइपइन्फर्मेशन हा स्विच लावायचा.

टोप्यांचं वेगळं. ७ ने नावं बरोबर लिहिलीयेत, यूटीएफ८ (सगळ्या लिप्या मावणारी पद्धत) मध्ये, पण बीओएम न लावता. बीओएम म्हणजे फाईलच्या सुरुवातीला न दिसणारी खूण, की बाबा पुढचं यूटीएफ८ आहे. एक्सेलला डबल क्लिकने उघडताना ती खूण लागते, नाहीतर ते फाईलला जुन्या पाश्चात्य लिपीतली समजून टोप्या दाखवतं. भाच्याचा काळा एडिटर खुणेशिवाय ओळखतो म्हणून त्याला दिसत नाही. तर ही फाईल शाबूत आहे, फक्त सेव्ह करू नका तशीच एक्सेलमधून.

उपाय, ७ मध्ये एक्स्पोर्ट-सीएसव्ही ला -एन्कोडिंग यूटीएफ८बीओएम द्या. ५.१ ला हा शब्द माहीतच नाही, तिथे -एन्कोडिंग यूटीएफ८ द्यायचं आणि तो आपणहून बीओएम लावतो. म्हणजे बघा, यूटीएफ८ हाच शब्द ५.१ मध्ये लिहिला की खूण लागते आणि ७ मध्ये लिहिला की लागत नाही. कुठलीही एरर येत नाही, दोन्हीकडे 'झालं' म्हणतं. माझ्या मते व्हर्जन बघायचं सगळ्यात मोठं कारण हे आहे, && सारखं निदान ओरडून तरी सांगतं.

फोल्डरच्या नावातल्या टोप्या ५.१ वाल्या रनमध्येच आल्या ना? कारण स्क्रिप्टच्या आत 'तुकडी' हा शब्द मराठीत लिहिलाय आणि भाच्याच्या एडिटरने स्क्रिप्ट बिनखुणेची सेव्ह केलीय. ७ अशी फाईल यूटीएफ८ धरून वाचतं, ५.१ जुन्या लिपीची धरून.

हजेरीपट | बुधवार, दुपारी २:१५

हो हो ५.१ मध्येच! ७ वाले फोल्डर नीट आहेत. आणि मोजली, ज्ञानेश्वर एक आहे यादीत, बरोब्बर दहा 😄 श्रद्धाला सात.

यूटीएफ८बीओएम लावून ७ मध्ये चालवलं, एक्सेलमध्ये नावं स्वच्छ. तुमचे उपकार कसे फेडू.

सिंहगडरोड_जाम | बुधवार, दुपारी २:२०

अप्पांना प्रवेशाच्या याद्या छापायचं काम द्या.

सर्व्हररूम | बुधवार, रात्री ८:४५

धागा वाचतोय, माझा पण एक प्रश्न घुसवतो. चाकणला कारखान्यात सिस्टीम बघतो. माझ्या मशीनवर ७ आहे, तिथून इन्व्होक-कमांड ने शॉपफ्लोरच्या सगळ्या पीसींना $पीएसव्हर्जनटेबल.पीएसव्हर्जन विचारलं. काहींवर मी स्वतः हाताने ७ टाकलंय, तरी झाडून सगळे ५.१ सांगतायत, एका जुन्या सर्व्हरने तर ४.० सांगितलं. इंजिनचं खरं सांगतो म्हणालात ना वर?

टर्मिनलकाका | बुधवार, रात्री ९:२५

खरंच सांगतोय. तुम्ही पलीकडे ज्या दारातून गेलात त्या दाराच्या आत ५.१ च बसलंय. ७ मधून रिमोट केलं तरी समोरच्या मशीनवर नेहमीचा एंडपॉइंट, म्हणजे हे दार, विंडोज पॉवरशेलचाच असतो. समोर ७ मध्ये जायचं तर त्या मशीनवर पीडब्ल्यूएसएच उघडून, ॲडमिन म्हणून, एकदा एनेबल-पीएसरिमोटिंग चालवा म्हणजे ७ चा एंडपॉइंट तयार होतो, आणि मग इकडून -कॉन्फिगरेशननेम पॉवरशेल.७ असं सांगून जोडा. तेव्हा ७ येईल.

नुसतं आहे की नाही एवढंच हवं असेल तर एवढं नको. प्रोग्राम फाइल्समध्ये पॉवरशेल\७ फोल्डरात पीडब्ल्यूएसएच.ईएक्सई आहे का आणि तिचं फाईल व्हर्जन काय ते विचारा. इथे फाईल व्हर्जनवर विश्वास ठेवायला हरकत नाही, कारण ७ ची ईएक्सई विंडोजचा नाही स्वतःचाच नंबर लावते.

४.० वाला सर्व्हर २०१२ आर२ असणार, त्यासोबत ४.० च यायचं. त्यावर ५.१ टाकता येतं, डब्ल्यूएमएफ ५.१ नावाचं पॅकेज आहे. पण त्या विंडोजचाच नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ ला संपलाय, तेव्हा पॉवरशेलची काळजी त्यातली लहान.

खराडी_नाईटशिफ्ट | बुधवार, रात्री ११:५०

@सर्व्हररूम आणि शॉपफ्लोरवर २.० चं इंजिन शिल्लक आहे का तेही बघा, विंडोज फीचर्समध्ये दिसतं. ५.१ असलेल्या मशीनवर सुद्धा पॉवरशेल -व्हर्जन २ टाकून जुनं इंजिन चालू करता येतं, आणि त्या इंजिनात आत्ताचं लॉगिंग आणि अँटीव्हायरसची स्क्रिप्ट तपासणी दोन्ही नाही, त्यामुळे घुसणारी मंडळी मुद्दाम तिथून जातात. २०१७ पासून ते निवृत्त म्हणून जाहीर होतं, विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीतून २०२५ मध्ये काढूनच टाकलं. जुन्या मशीनवर हाताने बंद करायला लागतं.

सर्व्हररूम | गुरुवार, सकाळी ८:१०

फाईल व्हर्जनवाली युक्ती चालली, जिथे टाकलं होतं तिथे तिथे ७ दिसतंय. २.० बऱ्याच ठिकाणी टिक लावून बसलंय, शनिवारी मेन्टेनन्सला बंद करतो. धन्यवाद.

हजेरीपट | गुरुवार, दुपारी ४:३०

मी परत. आता ऑफिसात सगळ्यांना हवंय हे. रोज संध्याकाळी ऑफिस बंद झाल्यावर नवीन प्रवेश आपोआप याद्यांत पडावेत म्हणून टास्क शेड्यूलरमध्ये लावलं. काल लागलं, आज सकाळी बघते तर एकही यादी नाही. हाताने चालवली की एकदम बरोबर. शेड्यूलर म्हणतो काम पूर्ण झालं.

टर्मिनलकाका | गुरुवार, संध्याकाळी ५:१५

टास्कमध्ये प्रोग्रामच्या रकान्यात काय लिहिलंय? पॉवरशेल.ईएक्सई ना?

हजेरीपट | गुरुवार, संध्याकाळी ५:२०

हो. नेटवरून तसंच घेतलं.

टर्मिनलकाका | गुरुवार, संध्याकाळी ५:५५

मग रात्री ५.१ चालतंय आणि त्याला तुमचं यूटीएफ८बीओएम कळत नाही. तिथे पीडब्ल्यूएसएच.ईएक्सई चा पूर्ण पत्ता द्या, प्रोग्राम फाइल्स, पॉवरशेल, ७. अवतरण चिन्हात, मध्ये स्पेस आहे. स्टोअरमधून टाकलं असेल तर पत्ता वेगळा असतो आणि शेड्यूलरला त्रास देतो, एमएसआय वालं इन्स्टॉलर बरं.

आणि आता हे करून ठेवा म्हणजे माझी सुटका. स्क्रिप्टच्या अगदी पहिल्या ओळीत:

#रिक्वायर्स -व्हर्जन ७.०

हॅशने सुरू होते म्हणून टिप्पणी वाटते पण पॉवरशेल ती वाचतं. ५.१ मध्ये कोणी चालवायला गेलं तर पुढचं काहीही न करता थांबेल आणि स्पष्ट सांगेल की याला ७.० लागतं, समोर अमुक आहे. अर्धवट याद्या, प्रश्नचिन्हं काही नाही. दुसरं, स्क्रिप्टमध्येच एक ओळ घाला, $पीएसव्हर्जनटेबल.पीएसव्हर्जन आणि आजची तारीख एका लॉग फाईलीत जोडत जायची. तुम्ही खिडकी उघडून विचाराल ते त्या खिडकीचं उत्तर. रात्री कोण चाललं ते स्क्रिप्टलाच विचारायला हवं, तुम्ही तेव्हा घरी असता.

खराडी_नाईटशिफ्ट | गुरुवार, संध्याकाळी ६:३०

+१ लॉगला. आणि ताई आतल्या आत तपासायचं असेल तर पीएसव्हर्जन.मेजर -जीई ७ (म्हणजे ७ किंवा जास्त) असं बघा, आकडा म्हणून. लोक अख्खं व्हर्जन अक्षरं म्हणून ताडून बघतात, मग अक्षरांच्या हिशोबात १० हे ७ पेक्षा लहान निघतं कारण १ आधी येतो. आज काही बिघडणार नाही पण दहावं व्हर्जन येईल तेव्हा शिव्या बसतील.

अजून एक, ७ चा एक्झिक्यूशन पॉलिसीचा (कुठल्या स्क्रिप्ट चालू द्यायच्या त्याचा नियम) हिशोब वेगळा, प्रोफाइल (उघडताना आपोआप चालणारी स्क्रिप्ट) वेगळं, मॉड्यूल्सचा (जोड आज्ञांचे संच) फोल्डर पण वेगळा. जुन्यात टाकलेलं मॉड्यूल नव्यात सापडलं नाही तर दचकू नका.

अप्पाबळवंत | गुरुवार, रात्री ८:००

७ मधलं पण कुठलं ते बघून घ्या हो. ५.१ विंडोजबरोबर सांभाळलं जातं, ७ ला प्रत्येक व्हर्जनची स्वतःची मुदत असते. ७.२ ची नोव्हेंबर २०२४ ला संपली, ७.४ दीर्घ मुदतीचं आहे ते नोव्हेंबर २०२६ पर्यंत. एकदा टाकलं आणि विसरलं असं याचं नाही.

निळी_खिडकी | गुरुवार, रात्री ८:२०

बघा, म्हणूनच म्हणत होतो कमीत कमी टाकावं. ५.१ ला निदान मुदत बघत बसायला लागत नाही.

हजेरीपट | शुक्रवार, सकाळी १०:५०

चाललं. लॉगमध्ये कालची तारीख आणि ७.४ दिसतंय, सगळ्या तुकड्यांच्या याद्या पडल्यात. मुद्दाम हेडक्लार्क सरांच्या पीसीवर (तिथे फक्त ५.१) स्क्रिप्ट चालवून बघितली, पहिल्याच ओळीला थांबली. सर म्हणाले माझ्याच पीसीला का नको म्हणते, त्यांना वाटलं मी लॉक केलीय. @निळी_खिडकी मुदतीचं कॅलेंडरमध्ये टाकलंय, ऑक्टोबर २०२६ ला आठवण येईल.

एक शेवटचं विचारू का, आमच्या संगीताच्या मॅडमकडे मॅक आहे, त्यांना पण हवीये स्क्रिप्ट. त्यावर असतं का पॉवरशेल?

खराडी_नाईटशिफ्ट | शुक्रवार, सकाळी ११:१५

मुळात नसतं, टाकावं लागतं. २०१६ साली ओपन सोर्स झालं तेव्हापासून लिनक्स आणि मॅकवर पण येतं. तिथे ५.१ नावाचा प्रकारच नाही त्यामुळे निम्मा धागा वाचायची गरज नाही. टर्मिनलमध्ये पीडब्ल्यूएसएच --व्हर्जन. फक्त फाईलींचे पत्ते विंडोजचे लिहिलेत ते बदलायला भाच्याला सांगा, सी ड्राइव्ह नाही तिथे.

सिंहगडरोड_जाम | शुक्रवार, सकाळी ११:२०

भाचा मीटिंगमधून आला का?